संक्रांतीचं वाण म्हणून बी द्या, मार्चपर्यंत थांबू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी ओसरायला लागली की आपल्या पुरवणीत आणि इतरही पेपरांत वसंतातल्या बागेवर लेख येतात, फोटो सुरेख असतात आणि सल्ला दर वर्षी तोच, की मार्च आला, आता टोमॅटो लावा, सिमला मिरची लावा, लेट्यूस लावा. जिथे मार्चमधे बर्फ वितळतो तिथे हे बरोबर आहे. आपल्या इंदुरात मार्चच्या शेवटी दुपारी ३७-३८ डिग्री होतात आणि मे मधे ४० च्या वर, मग ज्यांनी हा सल्ला वाचून पहिल्यांदाच हौसेने कुंड्या आणलेल्या असतात त्यांची रोपं वाढतात, फुलं येतात, फुलं गळतात, फळ काही धरत नाही, आणि ती माणसं म्हणतात आम्हाला बाग जमतच नाही. जमते हो त्यांना, तारीख चुकीची सांगितली गेली. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल, पण छापा ही विनंती आणि संक्रांतीच्या आधी छापा, कारण हळदीकुंकवाच्या वाणात बियांच्या पुड्या द्याव्यात असं मला पुढे सुचवायचंय, नंतर त्याचा उपयोग अर्धाच राहील.

टोमॅटोचा हिशोब एकदा करून बघा. बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला साधारण एक महिना, आणि रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकायला दोन-सव्वादोन महिने. म्हणजे मार्चमधे बी टाकलं तर झाड ऐन फुलावर येणार ते एप्रिलच्या शेवटी आणि मे मधे. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही २२-२४ च्या वर तापमान राहायला लागलं की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, मग खत घाला नाहीतर टॉनिक फवारा, फूल गळणारच. मार्च-एप्रिलमधे घरचे टोमॅटो खायचे असतील तर बी नोव्हेंबरात पडायला हवं, फार तर डिसेंबरात. सिमला मिरचीचंही तसंच. लेट्यूस, पालक, कोथिंबीर ऊन वाढलं की पानं द्यायचं सोडून तुऱ्यावर येतात, त्यामुळे ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टाकून घ्या आणि होळीच्या आसपास संपवून टाका.

मग वसंतात लावायचं काय? भरपूर आहे. आपल्याकडचे शेतकरी ज्याला जायद म्हणतात तोच हा हंगाम, म्हणजे भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा (भाजीवाला ज्यांना बरबटी म्हणतो त्या), काकडी, गिलकी (म्हणजे घोसाळी), दोडका, दुधी, कारलं आणि तांदुळजा. ह्यांना ऊन हवंच असतं. काकडी आणि भेंडी पेरल्यापासून पन्नासेक दिवसांत ताटात येतात, गिलकी-दुधीला साधारण दोन महिने लागतात. फेब्रुवारीच्या मध्याला जमिनीत असलेली वेल एप्रिलच्या मध्याला फळ देते, तेवढ्यात तिची मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे मे ची झळ ती सोसते. तीच वेल मार्चच्या शेवटी पेरली तर कोवळं रोप आणि भाजणारं ऊन एकदमच गाठ पडतात. सगळी गंमत ह्या चार-सहा आठवड्यांत आहे.

पण फार घाईही चालत नाही. जानेवारीत आपल्याकडे रात्री ९-१० डिग्री असतात, माती गार असते, आणि गार ओल्या मातीत भेंडीचं नि कारल्याचं बी उगवायच्या आधीच कुजतं. म्हणून वेलवर्गी भाज्यांचं बी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कागदी कपात घरात टाकायचं, कप दिवसा उन्हात, रात्री आत, आणि दोन-तीन पानं फुटली की कपासकट जमिनीत, कारण ह्या वेलींना मुळं हलवलेली आवडत नाहीत. भेंडी, गवार, चवळी मात्र सरळ जागेवरच पेरायच्या, फेब्रुवारीच्या मध्यानंतर. भेंडीचं बी रात्रभर भिजत घाला. कारल्याच्या बीचं साल टणक असतं, त्याची कड नेलकटरने अगदी थोडी उडवायची, आतल्या गराला धक्का न लावता, आणि मग एक दिवस कोमट पाण्यात. बी किती खोल पुरायचं तर बीच्या जाडीच्या दोन-तीन पट, त्याहून जास्त नाही.

आता जागेबद्दल, कारण प्लॅनिंग म्हणून लोक कागदावर चौकोन काढतात आणि आज ऊन कुठे पडतंय ते बघून कुंड्या मांडतात. जानेवारीतलं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, भिंतीच्या कडेला, गच्चीच्या कोपऱ्यात छान पडतं. एप्रिलमधे सूर्य पार डोक्यावर आलेला असतो आणि खरा मार असतो तो दुपारी तीननंतरचा, पश्चिमेकडून. तेव्हा आज बघून ठरवू नका, एप्रिलची दुपार मनात धरून ठरवा. माझं सांगणं असं, की अंगण असो नाहीतर गच्ची, पश्चिमेच्या कडेला मांडव घाला आणि त्यावर गिलकी आणि दुधी चढवा. बांबू, नायलॉनची जाळी आणि दोरी, एवढंच लागतं. फेब्रुवारीत मांडव रिकामा असतो, तेव्हा मागच्या कुंड्यांना ऊन हवंच असतं, ते मिळतं. एप्रिलपर्यंत वेल मांडवभर पसरते आणि नेमक्या गरजेच्या वेळी मिरची, पुदिना, तांदुळजा सगळ्यांना सावली मिळते. हिरव्या शेडनेटचे पैसेही वाचतात. मांडव खिडकीसमोर आला तर खोलीसुद्धा गार राहते, हे वेगळंच. चार-पाच माणसांच्या घराला गिलकीच्या दोन वेली पुष्कळ झाल्या. भेंडी मात्र बारा-पंधरा झाडं तरी हवीत, कारण एका झाडावर एका वेळी दोन-तीनच मिळतात आणि तेवढ्यात भाजी होत नाही.

वेली भरपूर फुलतात पण फळ लागत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. सुरुवातीची फुलं बहुतेक नरच असतात, त्यात काही बिघडलेलं नसतं. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं इवलंसं फळ आधीपासूनच दिसतं. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला भाग मादी फुलात हलकेच फिरवायचा. गिलकी, काकडी, कारलं सकाळी उमलतात, ते काम सकाळीच करा. दुधीची पांढरी फुलं आणि दोडक्याची पिवळी संध्याकाळी उमलतात, त्यांच्यासाठी दिवेलागणीला जावं लागतं. दुधीच्या वेलीपाशी सकाळी दहाला ब्रश घेऊन उभं राहून काही उपयोग नाही, त्याचं फूल तेव्हा मिटलेलं असतं.

बियाण्याचं पाकीट घेताना काय बघायचं हे तर कुणीच लिहीत नाही. पाकिटावरचा भेंडीचा फोटो बघू नका, लेबल वाचा. १९६६ चा बियाणे कायदा आहे, त्याप्रमाणे वाणाचं (हे वाण म्हणजे बियाण्याची जात) नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती किती टक्के, चाचणीची तारीख, कधीपर्यंत चालेल, हे सगळं छापलेलं पाहिजे. भेंडीसाठी किमान उगवण ६५ टक्के, टोमॅटोसाठी ७०, दुधी-काकडी-गिलकीसाठी ६०. म्हणजे दहा बियांतून सहा-सात उगवल्या तर बी चांगलं आहे, दुकानदाराशी भांडू नका. निळा टॅग असेल तर ते प्रमाणित बियाणं. ऑनलाईन हल्ली जी रंगीबेरंगी छोटी पाकिटं मिळतात त्यातल्या कितीतरींवर ह्यातलं काहीच नसतं, पन्नास-साठ रुपयांत दहा-पंधरा बिया आणि वाणाचं नावसुद्धा नाही, नुसतं भेंडी. त्यापेक्षा मंडीच्या आसपासच्या बियाणांच्या दुकानात जा. बी गुलाबी किंवा निळंहिरवं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वाणांबद्दल थोडं सांगते. भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे दोन्ही जुने आणि चांगले, मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी क्रांती काढली तीच मुळी केवड्याला दाद न देणारी म्हणून. केवडा म्हणजे ती पानांच्या शिरा पिवळ्या पडतात ना, तो रोग, पांढरी माशी पसरवते. चवळीत पुसा कोमल, गवारीत पुसा नवबहार, गिलकीत पुसा चिकनी, दुधीत पुसा नवीन नाहीतर अर्का बहार, मिरचीत पुसा ज्वाला. हे सगळे सरळ वाण आहेत, म्हणजे ह्यांचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर साधारण तेच झाड येतं. पाकिटावर एफ-वन लिहिलं असेल ते हायब्रीड, ते वाईट नाही, पीक जास्त देतं, पण त्याचं बी धरून पेरलं तर एक झाड असं आणि एक तसं येतं, म्हणजे दर वर्षी नवीन विकत घेणं आलं. घरच्या बागेला दोन भेंड्या कमी आल्या तर काही बिघडत नाही, बी हातातलं राहणं जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. दुकानात भेंडीचं सगळ्यात छोटं पाकीट ५० ग्रॅमचं मिळतं. एका ग्रॅममधे साधारण १५ ते १८ बिया असतात. म्हणजे पाकिटात साडेसातशेच्या वर बिया, आणि एका घराला लागतात वीस-पंचवीस. उरलेल्या डब्यात पडून राहतात आणि दोन पावसाळ्यांत उगवेनाशा होतात. आणि दुसरीकडे बघा, ह्याच दिवसांत आपल्याकडे संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी हळदीकुंकू असतं, राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, एका संध्याकाळी चार-चार घरी जायचं असतं, आणि वाण म्हणून काय मिळतं तर प्लास्टिकचा डबा, प्लास्टिकची गाळणी, प्लास्टिकचा चमचा. घेताना छान वाटतं, घरी आणून ठेवायला जागा नसते. रथसप्तमी कधी जानेवारीच्या शेवटी येते कधी फेब्रुवारीच्या मध्याला, म्हणजे बी पेरायचे आपल्या माळव्यातले जे दिवस आहेत तेच हे दिवस. सुगडात आपण ओला हरभरा, गाजर, बोरं, उसाचे करवे घालतोच, शेतातलं पहिलं पीक म्हणून. त्याच्या शेजारी बियांची एक पुडी ठेवली तर काय बिघडेल? पाच-सहा जणींनी मिळून ठरवायचं, एकीने भेंडी घ्यायची, एकीने गवार, एकीने गिलकी, आणि पुड्या बांधून वाणात द्यायच्या. प्रत्येकीच्या घरी महिनाअखेर सहा भाज्यांचं बी जमा, खर्च एका पाकिटाचा.

पुडी कागदाची बांधा, प्लास्टिकची नको, प्लास्टिकमधे बीला दमटपणा लागतो. पुडीवर पेनने लिहा, भाजीचं नाव, वाणाचं नाव, सरळ वाण की हायब्रीड, कोणत्या वर्षाचं बी, आणि कधी पेरायचं. एवढ्या पाच गोष्टी. नुसती पुडी दिली तर ती पर्समधे राहते, खरंच राहते. बुरशीनाशक चोळलेलं रंगीत बी वाणात देऊ नका, घरात मुलं असतात आणि तिळगुळाच्या जवळच ते ठेवलं जातं. आणि द्यायच्या आधी उगवण तपासा, दहा बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून ओट्यावर उबेच्या जागी ठेवायच्या, कापडावर रोज पाणी शिंपडायचं, चार ते आठ दिवसांत किती मोड आले ते मोजायचं. सहाच्या खाली आले तर ते बी कुणाला देऊ नका.

ज्यांच्या घरी आधीपासून वेली आहेत त्यांनी तर विकतचंही आणायची गरज नाही. वेलीवरची सगळ्यात चांगली, सरळ, मोठी गिलकी ओळखून तिला लाल दोरा बांधून ठेवायचा, म्हणजे कुणी तोडणार नाही. ती वेलीवरच जून होते, हिरवी असते ती पिवळट, मग तपकिरी होते, हलकी होत होत कागदासारखी होते आणि हलवली की आत बिया खुळखुळतात. टोकाला एक छोटं झाकण असतं, ते अंगठ्याने दाबलं की निघतं, आणि गिलकी उलटी धरली की काळ्या चपट्या बिया ताटात पडतात, एकीतून शंभराच्या वरही निघतात. साल सोललं की आतल्या जाळीने भांडी घासता येतात. बिया सावलीत चांगल्या वाळवून, थोडी कोरडी चाळलेली राख घालून काचेच्या बरणीत ठेवायच्या. दुधीचं बी धरताना मात्र एक करा, त्या वेलीची दुधी आधी चाखून बघा. कडू लागली तर थुंकून टाका, ती भाजी करायची नाही, रस तर बिलकुल नाही, आणि तिचं बी पुढे द्यायचं नाही. कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

बी जपणं हे काही नुसतं हौशी लोकांचं काम नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे ह्यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मध्यप्रदेशातच डिंडोरीकडे बैगा समाजाच्या लहरीबाईंनी कोदो-कुटकीसारख्या धान्यांचं बी आपल्या घरात मातीच्या कोठ्यांमधे सांभाळलं. आणि २००१ चा जो वाण संरक्षण आणि शेतकरी हक्काचा कायदा आहे त्यात शेतकऱ्याला आपल्याकडचं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क लिहिलेला आहे. शहरातल्या बायकांनी हळदीकुंकवात ते थोडं पुढे न्यावं एवढंच माझं म्हणणं.

मातीचं सांगितल्याशिवाय पुरं होणार नाही. आपली काळी माती जमिनीत सोनं आहे, कुंडीत मात्र ती पाणी दिलं की चिकट गोळा आणि वाळली की भेगा. कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग रेती किंवा कोकोपीट, आणि मूठभर निंबोळी पेंड. कंपोस्ट विकत कशाला आणायचं, ते तर आपल्या गावाच्या नावाने जगभर ओळखलं जातं. १९२४ साली इथे जी इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्यासोबत यशवंत वाड ह्यांनी काडीकचरा, शेण, माती, राख ह्यांचे थर देऊन, ठरलेल्या वेळी उलटवून साधारण तीन महिन्यांत खत तयार करायची पद्धत बसवली, १९३१ साली त्यावर दोघांच्या नावाने पुस्तक निघालं, आणि ती इंदोर पद्धत म्हणूनच गाजली. वाडांचं नाव इथल्या मराठी माणसांनाही माहीत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या शहराचा ओला कचरा गाडीत जातो, देवगुराडियाला २०२२ पासून रोजच्या ५५० टनांचा प्लँट आहे, त्याचा गॅस बनतो, हे चांगलंच आहे. पण भाजीची देठं आणि फेब्रुवारी-मार्चमधे पिंपळ-कडुलिंबाची जी पानं ढिगाने गळतात, ती तरी घरच्या ड्रममधे जाऊ द्या. एक थर ओला, दोन थर वाळलेल्या पानांचे, वर थोडी माती, दर दोन-तीन आठवड्यांनी उलटायचं. वास येत असेल तर पानं कमी पडली एवढाच अर्थ.

पाणी नर्मदेचं, सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून डोंगर चढवून आणलेलं, कितीतरी कॉलन्यांत एक दिवसाआड येतं. तेव्हा पाईपने फवारू नका, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवा, संध्याकाळी बुंध्याशी द्या, आणि कुंडीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटं थर ठेवा. आरओ मशीनचं सांडपाणी रोज कुंडीला देऊ नका, त्यात क्षार जास्त असतात, ते फरशी पुसायला वापरा.

तर संपादकसाहेब, आपल्याला दोन विनंत्या. एक, बागेचं वेळापत्रक छापाल तेव्हा ते माळव्याचं छापा, पुण्याचं नको आणि परदेशातलं तर नकोच, कृषी महाविद्यालयात किंवा कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात एक फोन केला तरी माणसं सांगतील. दोन, संक्रांतीच्या पुरवणीत तिळाच्या वड्यांच्या रेसिपीशेजारी अर्धा कॉलम जागा द्या आणि त्यात पुडीवर लिहायच्या त्या पाच गोष्टींचा कापून चिकटवता येईल असा चौकोन छापा, बायका तो कापून घेतील. आमच्या गल्लीत ह्या वर्षी गवार आणि गिलकीच्या पुड्या माझ्याकडून आहेत, भेंडी शेजारच्या वहिनींनी घेतली आहे, कारल्यासाठी अजून कुणी मिळालेलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक
राजेंद्र नगर, इंदूर